पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचें बाळंतपण

पहिलें बाळंतपण सिझेरियननें झालेल्या स्त्रीचें दुसरें नैसर्गिक रीतीनें होऊं शकतें काय, हा प्रश्न यंदा आमच्या कन्येमुळें आम्हां उभयतांपुढें उभा राहिला. पहिल्या खेपेस मूल पायाळू असल्यानें पुण्यास शस्त्रक्रिया करावी लागली. तीबद्दल आमची तक्रार नाहीं. या खेपेस मूल डोक्यावर आहे, तिची प्रकृति उत्तम आहे आणि इच्छाहि दृढ आहे. परंतु वैजापुरांतील एका खासगी दवाखान्यांत गोष्ट काढतांच उत्तर मिळालें, "काका, एकदां सिझेरियन झालें म्हणजे पुन्हां करावेंच लागतें. तारीख तेवढी कळवा." लगेच पंचांग उघडून शुभ मुहूर्त काढणारे आप्तहि निघाले !

हा नियम आला कोठून ? न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनीं १९१६ सालीं तो सांगितला. त्या काळीं गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेत आणि कळांच्या ताणानें तो व्रण फाटण्याचें भय मोठें असे. शिवाय पहिलीच शस्त्रक्रिया उगाच करूं नये, हा क्रेगिन यांचा मुख्य रोख होता. लोकांनीं इशारा सोडला आणि नियम तेवढा उचलला. पुढें ग्लासगोच्या मन्रो कर यांनीं खालच्या भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला; आतां बहुधा तोच घेतात. अशा स्त्रियांनीं प्रयत्न केल्यास शेंकडा ७० ते ७५ जणी नैसर्गिक रीतीनें प्रसूत होतात. दर दोनशें जणींत सुमारें एकीचा व्रण मात्र उकलतो, आणि मग कांहीं मिनिटांत पोट उघडावें लागतें. त्वचेवरचा व्रण आडवा दिसला म्हणून आंतलाहि तसाच, असें धरून चालत नाहीं; म्हणून आम्हीं पुण्याहून जुने कागद मागविले.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील खासगी रुग्णालयांत शेंकडा ४७, तर सरकारींत १४ प्रसूति शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें. एवढ्यावरून प्रत्येक नकार पैशाचाच मानणें मात्र न्यायाचें नव्हे. गांवांतल्याच दुसऱ्या एका डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझी ना नाहीं, पण रात्रीं दोन वाजतां भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे. तुमच्या मुलीला मी येथें ठेवून घेणार नाहीं." हा नकार आम्हांस पहिल्याहून फार मोलाचा वाटला, पुढें कोठें काय विचारावयाचें, तें त्यानेंच शिकविलें.

छत्रपति संभाजीनगर येथून सुमारें पाऊणशें किलोमीटर. तेथें घाटीचें मोठें सरकारी रुग्णालय आहे, खासगीहि पुष्कळ आहेत. सौ.नें प्रश्न कागदावर लिहून घेतले : भूलतज्ज्ञ रात्रीं रुग्णालयांतच असतात काय ? रक्त किती वेळांत मिळतें ? गतवर्षीं किती जणींनीं असा प्रयत्न केला, आणि किती जणींचा सफल झाला ? दोन ठिकाणीं शेवटच्या प्रश्नाचा राग आला. तिसऱ्या ठिकाणीं डॉक्टरांनीं नोंदवहीच पुढें केली. त्यांच्या अटी सरळ होत्या : कळा आपणहून सुरू व्हाव्यात, बाळाचे ठोके सतत पाहिले जावेत, आणि त्यांनीं शस्त्रक्रिया म्हटली कीं घरच्यांनीं वाद घालूं नये. कन्येनें तेथल्या तेथें होकार दिला.

समृद्धि महामार्ग झाला तरी कळा सुरू झाल्यावर मोटारींत तासभर काढणें आम्हांस पसंत नव्हतें. म्हणून सदतिसावा आठवडा लागतांच आम्ही रुग्णालयाजवळ राहणाऱ्या पुतण्याच्या घरीं बिऱ्हाड हलविलें आहे. जुने कागद पिशवींत अगदीं वर ठेविले आहेत.