चढावर पेट्रोल कुठं जातं?

मारुतीची जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली. ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, आणि हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला देणारा कार्बोरेटर. पुढं २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींमधून कार्बोरेटर हळूहळू गेला. माझ्याकडे आली ती मामांची, त्याआधीची गाडी. मिरजेच्या सपाट रस्त्यांवर ती छान चालायची. पण भोसे गावाजवळ, दंडोबाच्या डोंगराकडे, वनखात्याच्या हद्दीबाहेर एका ओळखीच्यांचा मुरमाड माळ आहे. तिथल्या खड्या चढावर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये घातली की निम्म्यावर काळा धूर सोडून ती बंद पडायची. मला गाडी चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. कार्बोरेटरचा कोणता स्क्रू किती फिरवायचा, एवढंच विचारायला मी गॅरेजमध्ये गेले.

मिस्त्रींनी स्क्रूकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, कार्बोरेटरला शेवटी हात लावायचा. आधी प्लग, मग टायमिंग, मग हवा कुठनं शिरते ते." प्लग काढले तर टोकं काजळीनं काळी. पेट्रोल नीट जळत असेल तर ती फिकट तपकिरी राहतात आणि पेट्रोल कमी पडत असेल तर पांढरी होतात. एअर फिल्टर धुळीनं भरला होता आणि एका रबरी नळीला चीर गेली होती. दोन्ही बदलून, टायमिंग लावून इंजिनाची ओढ मोजायचा व्हॅक्यूम गेज जोडला. त्याची सुई मी वाचलेल्या आकड्याच्या बरीच खाली थांबली. मला वाटलं, इंजिनच गेलं. पण पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. दर तीनशे मीटर उंचीला सुई साधारण एक इंच खाली येते, आणि मिरज साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. सुई बरोबर होती.

मग मिक्श्चरचा स्क्रू. इंजिन चांगलं तापू द्यायचं, चोक पूर्ण उघडा आहे ना ते बघायचं. इंजिन बंद असताना स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्यायचा. आवळला तर त्याच्या टोकाला खाच पडते. तिथून दीड-दोन फेरे बाहेर. मग इंजिन चालू करून थोडा आत, थोडा बाहेर, जिथं आवाज सर्वांत मोकळा आणि इंजिनाचे फेरे सर्वांत जास्त तिथं थांबायचं, आणि दुसऱ्या स्क्रूनं स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, खाली आणायचा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि एका जागी नाद खुलतो. स्क्रूवर हात ठेवून मिस्त्री तसेच कान देऊन उभे होते. गाडी इतकी शांत कधीच उभी राहिली नव्हती. माळावर नेली आणि ती त्याच जागी बंद पडली. हा स्क्रू फक्त स्लोपुरता असतो. चढाशी त्याचा फारसा संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं.

"आता चढावरच बघू," मिस्त्री म्हणाले. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवला. मग एअर फिल्टरचं झाकण काढून बॅटरीनं कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. आतली भिंत ओली, पेट्रोलचा उग्र वास. घसा कोरडा असता आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर आत पिचकारी उडाली नसती, तर पेट्रोल पोचत नाही असं धरायचं. इथं ते उतू जात होतं.

कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल ठरावीक पातळीला राहतं. वर फ्लोट तरंगतो. पातळी चढली की तो निडल दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. गाडी तिरकी झाली तरी पेट्रोल आडवंच राहणार. मी मोबाइलवर चढ मोजला तर वीस अंश भरला. वाटी पाच सेंटीमीटर लांब धरली, तर एका टोकाला पातळी नऊ मिलिमीटर चढते आणि दुसऱ्या टोकाला तेवढीच उतरते. घशाकडचं तोंड किंवा वाटीची हवेची नळी चढत्या टोकाला असेल तर पेट्रोल घशात सांडतं. जेट, म्हणजे पेट्रोल ओढून घेणारं बारीक छिद्र, उतरत्या टोकाला असेल तर तो उघडा पडतो आणि इंजिन उपाशी राहतं. म्हणूनच एखादी गाडी चढावर गुदमरते आणि एखादी उतारावर. कागदावर वाटीचं चित्र काढल्यावर मला हे पटलं, तोवर नुसतं ऐकत होते.

वाटीला काचेची छोटी खिडकी आहे आणि तिच्या मधोमध खूण. आमचं पेट्रोल खुणेच्या बरंच वर होतं. यात गाडी बनवणाऱ्यांची काही चूक नाही. निडल झिजून तिच्यावर कडं पडलं होतं आणि एवढ्या वर्षांत कुणीतरी फ्लोटची पट्टीही वाकवली होती. निडल, ती जिथं टेकते त्या सीटसकट, नवी घातली. पट्टीची इवलीशी जीभ पक्कडीनं किंचित वाकवायची, झाकण लावायचं, इंजिन चालवून खिडकीत बघायचं, पुन्हा खोलायचं. यातच अख्खी दुपार गेली. चढासाठी पातळी खुणेच्या जरा खाली ठेवावी, असं ठरलं. पहिल्यांदा ती जास्तच खाली गेली. चढ सहज निघाला, पण पंढरपूर रस्त्यावर चौथ्या गिअरला गाडी धक्के द्यायला लागली. मग पातळी खुणेच्या खालच्या कडेला आणली. हवेची नळी वर वाढवायचाही उपाय असतो. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

चढ सुटला, पण उंचीचा प्रश्न उरतोच. उंचीवर हवा विरळ होते आणि मिश्रण दाट होतं. महाबळेश्वर मिरजेहून सुमारे आठशे मीटर उंच, म्हणजे तिथं काळा प्लग पुन्हा दिसू शकतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल मात्र उलटं वागतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असेल तर साधारण साडेतेरा. जेट तोच राहिला की मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. आमच्या उसाच्या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवायचं माझ्या मनात नाही, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो. पण जुनी गाडी ठेवायची तर रबर बदलावं लागेल. गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या ठरल्या आहेत. ते झालं की खिडकीतली पातळी पुन्हा बघायची, आणि मग त्याच माळावर गाडी उलट तोंडानं, उताराला लावून तपासायची.