मास्तरांचा बूट

पक्क्या लायसन्सची टेस्ट म्हणजे नुसता सोपस्कार, असं माझं ठाम मत होतं. आमच्या घरात सगळ्यांचं तसंच झालेलं. त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी चढावर नापास झाले, तेव्हा सगळा राग टेस्ट घेणाऱ्या साहेबांवर निघाला.

तो चढ तरी केवढा! मध्यावर थांबायचं आणि मागे न सरकता निघायचं. मी ब्रेकवरचा पाय काढला, गाडी मागे. घाबरून क्लच फाडकन सोडला. आचका देऊन गाडी बंद. दुसऱ्यांदाही तेच. "सात दिवसांनी या," साहेब शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घरी येऊन मी, बाईमाणूस बघून मुद्दाम पाडलं, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. जावेने एजंटचा नंबर पाठवला. मी तो सेव्ह केला, खोटं कशाला बोलू?

मग क्लासच्या गाडीत पुन्हा तसाच चढ घेतला, तर गाडी लोण्यासारखी वर! सहज खाली नजर गेली. शेजारी मास्तरांचा बूट त्यांच्या बाजूच्या क्लचवर होता. माझा पाय उठला की तोही हळूच उठायचा. म्हणजे क्लासचे सगळे दिवस गाडी ते चालवत होते. मी स्टिअरिंग धरून बसले होते.

"मास्तर, पाय काढा."

"अहो मॅडम, क्लच जळतो आमचा!"

त्यांचंही खरंच होतं म्हणा.

त्या रात्री केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 काढून वाचले. टेस्टमध्ये काय काय बघायचं, याची पंधराव्या नियमात यादीच आहे. चढावर हँडब्रेक वापरून, मागे न घसरता निघणं त्यात आहे. मला हँडब्रेक फक्त पार्किंगपुरता ठाऊक! आणि यादीत सर्वात पहिलं काय, तर आरसा नीट लावणं. टेस्टला मी आरशाला हातही लावला नव्हता. तो मास्तर लावून ठेवायचे.

आता रोज सकाळी सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर आमची गाडी, शेजारी हे. हाफ क्लचला इंजिनाचा आवाज जरा बसतो, बॉनेट किंचित उचलतं, मग हँडब्रेक सोडायचा. काल दहापैकी सात वेळा जमलं. वॉचमन अजून लांबच उभा राहतो.

टेस्ट गुरुवारी आहे. एजंटचा नंबर पुसून टाकला. आरसा मात्र रोज नव्याने लावावा लागतो. हे ऑफिसला गाडी नेतात आणि हलवून ठेवतात.