आज रात्री काय करायचं?

स्वयंपाकाला मला पाऊण तास लागतो. काय करायचं हे ठरवायला मात्र अख्खा दिवस जायचा. सकाळी डबे भरतानाच रात्रीचा विचार सुरू व्हायचा. दुपारच्या मीटिंगमध्ये मध्येच आठवायचं, घरात कोथिंबीर आहे पण कांदे संपलेत. परतीच्या लोकलमध्ये धड उभं राहायला जागा नसताना नवऱ्याचा मेसेज यायचा, 'आज काय करायचंय?' विचारायचा तो मदत करायची म्हणूनच. पण विचारून तो मोकळा व्हायचा आणि उत्तर शोधायचं काम माझ्याकडे राहायचं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, नवरा, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. माझी नोकरी दादरला, नवऱ्याची ठाण्याला. मी घरात पाऊल टाकते तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि साडेआठला ताट समोर आलं नाही, तर मुलगी बसल्या जागी झोपते. त्या तासाभरात काही सुचलं नाही की बाहेरून मागवायचं. पाच जणांचं साधं जेवण मागवलं तरी सातशे-आठशे रुपये जातात. आठवड्यातून दोनदा असं व्हायला लागलं, तेव्हा एकदा महिन्याचा हिशेब मांडला. आकडा मुलीच्या शाळेच्या व्हॅनपेक्षा मोठा निघाला.

इंटरनेटवर आठवड्याच्या जेवणाची वेळापत्रकं ढिगाने सापडतात. सोमवारी पालक पनीर, मंगळवारी व्हेज कुर्मा वगैरे. ती कागदावर छान दिसतात. पण गाडी उशिरा येते, पालक महाग झालेला असतो, पनीर आणायचं राहून जातं आणि मंगळवारपर्यंत वेळापत्रक मोडीत निघतं. म्हणून आम्ही पदार्थ ठरवलेच नाहीत. वारांना फक्त प्रकार वाटून दिले.

सोमवारी कडधान्य. मंगळवारी पिठाचं काहीतरी, म्हणजे पिठलं, थालीपीठ किंवा धिरडी. बुधवारी अंडी. गुरुवारी एकाच भांड्यात होणारं, खिचडी नाहीतर वरणफळं. शुक्रवारी बाजारात जी भाजी स्वस्त असेल ती. शनिवारी घरातल्या कुणा एकाच्या आवडीचं. रविवारी दुपारी मासे किंवा चिकन होतं, त्यामुळे रात्री फोडणीचा भात. हा कागद फ्रीजवर चिकटवला. पोळ्या स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. त्यावरून सुरुवातीला घरात थोडी कुजबुज झाली, मग सवय झाली.

प्रकार ठरला की निम्मं काम आपोआप होतं. सोमवारी कडधान्य आहे हे माहीत असल्यामुळे शनिवारी रात्री मटकी भिजत पडते, रविवारी फडक्यात बांधली जाते. वाटीभर मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते, त्यातली थोडी मंगळवारच्या डब्यालाही पुरते. कागद लावला त्याच पावसाळ्यात, २०२३च्या जुलैमध्ये, टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली. आमच्या उसळीत आमसूल पडलं. सोमवार काही हलला नाही.

पण पैशांपेक्षा मोठा फरक मेसेजमध्ये पडला. 'आज काय करायचंय?'च्या जागी 'मंगळवार आहे, पिठलं की थालीपीठ?' असं यायला लागलं. काही महिन्यांनी तेही बंद झालं. आता येतं, 'पिठलं टाकतोय, येताना कांदे आण.' पिठल्यात कधी गुठळ्या होतात. झाल्या तर होऊ देत, कालवून खाता येतात.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरकाम करणाऱ्या बायका घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. तो वाचताना मला लोकलमधले कांदे आठवले. हातात काही काम नसतानाही डोक्यात चालू असलेलं हे काम कुठल्या मिनिटांत धरायचं? भाजी चिरलेली दिसते. भाजी कुठली चिरायची हा विचार कुणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही, ते वाटून तरी कसं घेणार? फ्रीजवरच्या कागदाने एवढंच केलं, तो विचार सगळ्यांना दिसेल अशा जागी आणून ठेवला. तुम्ही दोघंच राहत असाल किंवा चार मित्र मिळून फ्लॅटवर असाल, तरी हे करून बघा. वार आणि प्रकार तुमचे तुम्ही ठरवा. फक्त ठरवण्याचं काम एकाच डोक्यावर ठेवू नका.

शनिवारची पाळी मात्र एका जागी अडायची. मुलाची पावभाजी ठरलेली, मुलीची पुरी-भाजी, नवऱ्याची सुकट. सासूबाईंची पाळी आली की त्या म्हणायच्या, "मला काय, काहीही चालतं." आणि आपली पाळी नातीला देऊन टाकायच्या. असं तीन-चारदा झालं. शेवटी नातच म्हणाली, "आजी, काहीही नावाचा पदार्थच नसतो."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हुलग्याचे शेंगोळे."

त्यांचं माहेर संगमनेरकडचं. लग्न होऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली. सासरी शेंगोळे कुणाला आवडत नव्हते, म्हणून त्यांनी ते कधी केलेच नाहीत. इतकी वर्षं या घरात काय शिजणार ते त्याच ठरवत होत्या, आणि आम्ही सगळे त्याला त्यांचा अधिकार समजत होतो. त्या ठरवण्यात त्यांची स्वतःची आवड कधी आलीच नव्हती, हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

गुडघ्यांमुळे त्यांना ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं आणि हिरवी मिरची वाटून घातली, ते घट्ट मळलं, आणि परात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. नात शेजारी बसली. दोघींनी मिळून हातावर वळ्या वळल्या, टोकं जोडून कडी केली. नवऱ्याने फोडणीत पाणी उकळायला ठेवलं होतं, त्यात शेंगोळे सोडले. एका पातेल्यात पाच जणांचं पोटभर जेवण झालं. मुलगा आधी नाक मुरडत होता, मग "जाड नूडल्स" म्हणत दोनदा वाढून घेतले. सासूबाई सावकाश जेवल्या. म्हणाल्या, "लसूण कमी पडला."

मागच्या शनिवारी कागदावर पेन्सिलीने 'शेंगोळे' लिहिलेलं होतं. अक्षर सासूबाईंचं. मुलाने लगेच तक्रार केली, "आजी, तुझा नंबर पुढच्या आठवड्यात आहे. आज पावभाजी!"

"पावभाजी पुढच्या शनिवारी खा," त्या म्हणाल्या.

मी लसूण सोलायला घेतला. या वेळी जरा जास्तच.