बेळगांवची वैशाखी मिरवणूक

वैशाख शुद्ध द्वितीयेस शिवजयंती करण्याची जुनी चाल बेळगांवकरांनीं सोडिलेली नाहीं. लोकमान्य टिळकांनीं 1916 सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया ही जन्मतिथि मिळाली. महाराष्ट्र शासनानें 2001 सालीं 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली. तेव्हांपासून आमच्या पुण्यांतील सरकारी सोहळा थंडीच्या अखेरीस होतो. बेळगांवचे चित्ररथ मात्र ऐन उन्हाळ्यांत, जयंतीच्या पाठोपाठ, रात्रभर चालतात. ते पाहण्याकरितां मी मुद्दाम पुण्याहून आगगाडीनें गेलों.

मिरवणूक नरगुंदकर भावे चौकांतून निघते. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांस इंग्रजांनीं 1858 च्या जूनांत ह्याच शहरीं फांशी दिलें, हें चौकांतील गर्दीस सांगावें लागत नाहीं. ट्रॅक्टरांनीं ओढिलेले रथ मारुती गल्लीवरून सावकाश सरकतात. प्रत्येक रथावर एकेका गल्लींतील मुलें मावळे, जिजाबाई, अफझलखान होऊन उभीं; कोठें संवाद चालू, कोठें नुसती तलवार उगारलेली. घरोघरच्या बायका ओट्यांवर सतरंज्या अंथरून बसलेल्या, आणि पेंगुळलेलीं पोरें त्यांच्या मांडीवर. एका तानाजीच्या मस्तकीं चक्रीदार पेशवाई पगडी पाहून मात्र माझ्यांतील मास्तर जागा झाला. सिंहगड 1670 चा. बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळालें तें 1713 मध्यें! परंतु तो मुलगा इतक्या आवेशानें लढत होता, कीं पगडी त्यास माफ.

मला रुखरुख लागली ती निराळीच. ह्याच जिल्ह्यांतील बेलवडीची हकीकत कोणत्याही रथावर माझ्या दृष्टीस पडली नाहीं. दक्षिणेच्या स्वारीवरून परततांना, 1678 सालीं, मराठ्यांच्या फौजेस तेथील देसाईण मल्लम्मा हिनें गढीच्या आश्रयानें चिवटपणें झुंजविलें. धारवाडजवळ यादवाड येथें एक शिल्प आहे. त्यांत महाराज तिच्या बाळास मांडीवर घेऊन दूध पाजीत आहेत, असें मानितात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेंत बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें, आणि त्या वादाची धग अद्याप विझलेली नाहीं. ज्या गांवीं मराठी व कानडी घरें भिंतीस भिंत लावून राहतात, तेथें हा देखावा नको काय?

रामलिंगखिंड गल्लींत एक रथ खोळंबला होता. त्याच्या चालकांपैकीं एका तरुणास मीं ही गोष्ट सांगितली. त्यानें घाम पुसला व क्षणभर विचार केला.

"गढी उभी करूं, आजोबा. पण ती बाई बोलेल कुठल्या भाषेंत?"

"कानडींत. दुसऱ्या कुठल्या बोलेल?"

"आणि महाराज?"

"मराठींत."

तो हंसला. "मग तिचे संवाद आईकडून लिहून घेतो. तिचें माहेर बैलहोंगलचें आहे."

इतक्यांत पुढला रथ हलला, आणि तो धांवत ट्रॅक्टरावर जाऊन चढला.