चार घरांचा कागद

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील पावरा आणि भिल्ल वस्त्यांतून रक्ताचे नमुने गोळा करीत हिंडण्यात माझी, एका विकृतिशास्त्रज्ञाची, पुष्कळ वर्षे गेली. या काळात सूक्ष्मदर्शकाइतकीच जी वस्तू मला उपयोगी पडली, ती म्हणजे खडूने ओट्यावर काढलेला चार घरांचा एक चौकोन.

केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या या चौकोनाच्या माथ्यावर पित्याचे दोन घटक, म्हणजे जनुके, लिहावयाचे, डाव्या अंगास मातेचे दोन, आणि आतील घरांत त्यांच्या जोड्या मांडावयाच्या. माझ्या चौकोनात रोग एकच असे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्याशा फेरफाराने, प्राणवायू कमी पडताच, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हा सिकलसेल. माता आणि पिता दोघेही वाहक, म्हणजे दोहोंपैकी एकच घटक बदललेले, असतील तर एका घरात साधी जोडी पडते, दोन घरांत वाहक, आणि चौथ्या घरात दोन्ही घटक बदललेले, म्हणजे रोग. ('सदोष' हा शब्द मी कधीच टाकून दिला, कारण वस्तीत दोष म्हटला की तो कोणाच्या तरी माथी मारला जातो, आणि ते माथे बहुधा सुनेचे असते.)

शिरपूर तालुक्यातील एका पाड्यावर, ज्याचा थोरला मुलगा सांधेदुखीने विव्हळत खाटेवर पडला होता असा एक बाप, चौकोन न्याहाळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वाईट हिस्सा थोरल्याने घेतला. आता पुढची तीन पोरं सुटली ना?" त्याला तो वाटणीचा कागद वाटला होता, आणि जमिनीच्या हिश्श्यांवर ज्याचा जन्म गेला त्याला दुसरे काय वाटावे? परंतु वाटणीत एकदा दिलेले शेत पुन्हा देता येत नाही, आणि येथे तर प्रत्येक गर्भधारणेला तोच कागद नव्याने कोरा होतो. मी त्याच्या व त्याच्या बायकोच्या हाती एकेक नाणे दिले. दोघांचाही छापा पडला तर रोग; आणि मागच्या खेपेचा छापा नाण्याच्या स्मरणात राहत नाही. चार अपत्यांपैकी नेमके एकच रोगी होण्याचा संभव २५६ मध्ये १०८, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चारही सुटण्याचा २५६ मध्ये ८१. 'चारात एक' या शब्दांनी किती घरांना खोटा धीर दिला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

सिकलसेलचा हा बदललेला घटक का टिकला, याचे उत्तर मलेरियात आहे. वाहकाला मलेरियाच्या घातक प्रकारापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. ज्या रानात डास होते, तेथे या घटकाने माणसे जगविलीही आहेत. म्हणून वाहकाचा विवाह अडवू पाहणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. जोडीदाराची जोडी साधी असेल तर चौकोनात रोगाचे घरच उरत नाही. विवाहापूर्वी तपासणी हवी ती एवढ्यासाठी. २०२३ पासून सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणीच्या निकालाची कार्डे वाटली जात आहेत. कार्डासोबत हा चौकोनही समजावला जावा, इतकीच माझी तळमळ आहे.

त्या पाड्यावर मुलाची आजी इतका वेळ मागे बसून होती. सुनेनेच हे दुखणे माहेराहून आणले, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ती पुढे सरकली, माथ्यावरल्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, दोन खुणांवर बोट ठेवून तिने विचारले, "याच्याकडे हे कुठून आलं?"

तुमच्याकडून किंवा त्याच्या वडिलांकडून, मी म्हणालो.

वडील हयात नव्हते. तिने हात पुढे केला. थेंबभर रक्त टाकताच नळीतले द्रावण गढूळ झाले, पाठीमागच्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या; पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने ती वाहक असल्याचे निश्चित केले. निकाल घेण्यास ती स्वतः आली, तेव्हा लग्न ठरलेला धाकटा मुलगा आणि होणारी सून अशा दोघांना तिने बरोबर आणले होते.