डिलबॉयची कबर

अलाचाती, तुर्कस्तान
१२ मे

ती. बाबांस,
सा. न.

इझ्मीरहून बसने इथे आलो. दगडी घरं, टेकडीवर पवनचक्क्या. बाजारातली मशीद पूर्वी चर्च होती. आतला पडदा सरकवला तर मागे चर्चचं संगमरवरी कोरीवकाम तसंच उभं. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत हे ग्रीकांचं गाव होतं.

जॉर्ज डिलबॉय इथे १८९६ मध्ये जन्मला. १९०८ मध्ये घरचे अमेरिकेला गेले. १९१२ ला बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा हा ग्रीसकडून लढायला परत आला. जेमतेम सोळा वर्षांचा! पुढे तो अमेरिकी सैन्यात गेला.

१८ जुलै १९१८, फ्रान्समधलं बेलो. रेल्वेच्या भरावापलीकडची टेहळणी करायला तो आपल्या अधिकाऱ्याबरोबर निघाला, तोच १०० यार्डांवरून मशीनगन सुरू झाली. त्याने रुळांवर उघड्यावर उभं राहूनच गोळ्या झाडल्या. मशीनगन गप्प होईना, तेव्हा संगीन लावून गव्हाच्या शेतातून धावला. २५ यार्ड उरले असताना कोसळला. उजवा पाय गुडघ्याच्या वर जवळजवळ तुटला होता. तरी पडल्या पडल्या झाडत राहिला. शत्रूचे दोघे मेले, बाकीचे पांगले. तोही गेला, बावीस वर्षांचा. मेडल ऑफ ऑनर मरणोत्तर मिळालं.

वडिलांनी सांगितलं, पोराला गावातच पुरायचं. म्हणून त्याला इथे आणलं. १९२२ मध्ये तुर्की सैनिकांनी कबर उद्ध्वस्त करून अस्थी विखुरल्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी त्या आणायला युद्धनौका पाठवली. पुढच्या वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. इथे आता ग्रीक उरले नाहीत.

तुमचा,
अनिल

आर्लिंग्टन, अमेरिका
३ जून

ती. बाबांस,
सा. न.

आज डिलबॉयची कबर पाहिली. १२ नोव्हेंबर १९२३ ला त्याला इथे पुरलं. सारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा, त्यातलाच एक त्याचा. नाव शोधत खूप हिंडलो.

त्याला फ्रान्समध्येच ठेवायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मला त्या वडिलांचं चुकलं असं वाटत नाही. मामा दिल्लीत गेले, तेव्हा तुम्ही अस्थी कऱ्हाडच्या संगमावर नेल्यात. मी सोबत होतो, रात्रभर कलश तुमच्या मांडीवर होता. त्या वडिलांना तेवढंच हवं होतं.

तुमच्या नावाने दगडाशी फूल ठेवलं आहे. २० तारखेला घरी पोचतो.

तुमचा,
अनिल