उघड्या तळव्याचा खेळ

कोल्हापूरच्या हाताची कीर्ती खासबागेने दूरवर नेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या या मैदानातील पकडी पाहण्यासाठी गावोगावची माणसे इथे येत राहिली. परंतु याच नगरात हाताचे असेही खेळ आहेत, ज्यांना ना आखाडा लागतो ना ताकद. रंकाळ्याच्या काठी, पेठांच्या बोळांत आणि वाड्यांच्या चौकांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

कोणताही डाव मांडण्यापूर्वी मुले ‘चकतात’. सारे एकाच वेळी हात पुढे करतात. कोणाचा तळवा उताणा, कोणाचा पालथा. ज्याचा हात इतरांहून वेगळा, तो सुटतो. अखेरीस दोघेच उरले, की सुटलेल्यांपैकी एक जण तिसरा हात द्यायला येतो आणि राज्य कोणावर, ते ठरते. या निवाड्याला पंच नसतो. मात्र इतरांचे हात पाहून मागाहून आपला हात टाकणाऱ्याला कोणी क्षमा करीत नाही. नागपंचमीच्या झिम्म्यातही दोघींचे तळवे एकाच क्षणी भेटावे लागतात. एकीने ताल सोडला, तर टाळी रितीच जाते.

दूरदेशीची मुलेही हाच नियम पाळतात. जपानमधील ‘जानकेन’मध्ये मूठ म्हणजे दगड, उघडा पंजा म्हणजे कागद आणि दोन बोटे म्हणजे कात्री, तिथेही हात एकदमच टाकावे लागतात. प्राचीन रोममध्ये ‘मिकातिओ’ नावाचा खेळ होता. दोघे एकाच वेळी काही बोटे दाखवीत आणि दोघांच्या बोटांची बेरीज ओळखावयाची असे. इटलीत तो ‘मोरा’ या नावाने आजही खेळला जातो. इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिताना सिसेरोने खेडुतांची एक जुनी म्हण नोंदविली आहे. ज्याच्याशी अंधारातही हा बोटांचा खेळ खेळता येईल, तोच खरा सचोटीचा माणूस, असा तिचा आशय. व्यापारी माणसाला याहून मोठी प्रशस्ती कोणती?

परंतु सर्वांशी अंधारात खेळता येत नाही, हे बाजाराने लवकरच ओळखले. इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमच्या नगराधिकाऱ्याने फर्मान काढले, की जनावरांची विक्री बोटांच्या खेळाने न ठरविता तराजूने तोलून करावी. महाराष्ट्रातील बाजारांनाही हाताची गुप्त भाषा परिचित होती. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तो भाव त्या दोघांनाच कळे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून केवळ रुमालाची हालचाल पाही. पुष्कळांचे व्यवहार सचोटीचेही असतील. तथापि ती सचोटी पाहण्याची सोय शेतकऱ्याला नव्हती. पुढे नियंत्रित बाजारपेठा आल्या आणि उघड लिलावाचा नियम झाला.

कोल्हापूरची शाहूपुरी ही व्यापारपेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविली आणि गुळाने तिचे नाव सर्वदूर नेले. आज दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीच्या आवारात नव्या हंगामाच्या गुळाचे सौदे निघतात. गुळाच्या रव्यांभोवती व्यापारी, अडते आणि शेतकरी दाटीने उभे राहतात आणि भाव सर्वांदेखत पुकारला जातो. बाहेरगावच्या प्रवाशाने मुद्दाम पाहावा असा हा सोहळा आहे.

तेथून परतताना एखाद्या बोळात चकणारी मुले दिसतील. रुमाल दूर करण्यासाठी बाजाराला कायदा करावा लागला. ही मुले तोच नियम आपला आपण पाळतात. उद्या पेढीवर बसणाऱ्या हातांना लहानपणीच हा खेळ मिळाला, तर सर्वांसमोर हात उघडण्याची त्यांना वेगळी शिकवण द्यावी लागणार नाही.